एफव्हीसी कमी, मानेच्या धमनीत प्लाक: दोन्हींचं मूळ एकच आहे का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ४६, सिगारेट कधीच ओढलेली नाही. तपासणीत स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणं) झाली, त्यात एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षित आकड्याच्या ७६ टक्के, एफव्हीसी (पूर्ण फुंकीत बाहेर पडणारी एकूण हवा) ७५ टक्के आणि दोन्हींचं गुणोत्तर ०.८० आलं. मानेच्या सोनोग्राफीत कॅरोटिड, म्हणजे मानेतल्या धमनीचं अस्तर थोडं जाड दिसलं आणि एका बाजूला छोटा प्लाक (चरबीचा थर) आढळला. तुमचा जन्म आठव्या महिन्यातला, वजन कमी. लहानपणी घरात वडिलांच्या सिगारेटचा धूर कायमचा. वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला, बायपास झाली आणि आता त्यांना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आहे. तुम्ही विचारता की हे दोन्ही आजार रक्तातूनच आले का, प्राणायामाने फुप्फुसं सुधारली तर धमन्याही सुधारतील का, आणि मुलीची जनुकीय तपासणी करून घ्यावी का.

मी फुप्फुसविकारांचा डॉक्टर आहे. माझे बरेच रुग्ण शेवटी हृदयाच्या आजाराने आजारी पडतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. तुमच्या तिन्ही शंकांच्या खाली एकच शंका दडलेली आहे: फुप्फुसांचा कमी आलेला आकडा धमन्यांच्या आजाराचं कारण आहे, की दोघांच्याही मागे तिसरंच काही आहे? उपचार कशावर करायचा हे यावरच ठरतं. माझं मत आधीच सांगतो. तुमच्या बाबतीत फुप्फुसांचा आकडा हा मुख्यतः इशारा आहे. त्याची आणि धमन्यांच्या आजाराची काही मुळं एक आहेत; त्यातली काही जनुकांत आहेत, पण बरीचशी जन्माच्या आसपासच्या काळात आणि श्वासावाटे आत गेलेल्या धुरात आहेत. मुळं एक असली तरी आज धमन्यांचा उपचार धमन्यांवरच करावा लागतो.

आता रिपोर्टकडे वळू, कारण तिथे एक गैरसमज झालेला दिसतो. "वडिलांसारखंच सीओपीडी सुरू झालंय" असं तुम्ही लिहिलं आहे. तुमचे आकडे तसं सांगत नाहीत. सीओपीडीत श्वासनलिका अरुंद होतात, हवा बाहेर पडायला वेळ लागतो आणि श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध दिल्यानंतरही एफईव्ही१ आणि एफव्हीसीचं गुणोत्तर ०.७० च्या खाली राहतं. तुमचं गुणोत्तर ०.८० आहे, म्हणजे पहिल्या सेकंदात हवा व्यवस्थित सुटते. एकूण हवाच थोडी कमी आहे. याची कारणं अनेक असू शकतात: पोटावरचं वजन, अर्धवट फुंकलेला श्वास, मुळातच लहान राहिलेली फुप्फुसं, फुप्फुसांत आलेला कडकपणा, छातीच्या स्नायूंची कमजोरी, क्वचित हृदयाची कमजोरीसुद्धा. यातलं कोणतं, हे स्पायरोमेट्री एकटी सांगू शकत नाही. फुप्फुसांची एकूण क्षमता वेगळ्या यंत्रावर मोजावी लागते. शिवाय 'अपेक्षित' आकडा यंत्रात कोणतं समीकरण भरलं आहे त्यावर बदलतो. जुनी समीकरणं आणि २०२२ चं जागतिक समीकरण एकाच माणसाला वेगवेगळे टक्के देऊ शकतात. म्हणून ७५ आणि ८० मधल्या फरकावर मी एका फुंकीवरून निर्णय देत नाही.

पण या आकड्याकडे दुर्लक्षही करत नाही. जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरने १८४६ मध्ये स्पायरोमीटरवर दोन हजारांहून अधिक माणसं तपासून आपलं काम प्रसिद्ध केलं, तेव्हाच त्याला वाटलं होतं की या मोजमापावरून माणसाच्या आयुष्याचा अंदाज बांधता येईल आणि ते विमा कंपन्यांच्या उपयोगाचं ठरेल. नंतर अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून सुरू झालेल्या अभ्यासात एफव्हीसी कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त दिसले. २००५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. एफईव्ही१ सर्वांत कमी असलेल्या गटाचा हृदय-धमनीविकाराने मरण्याचा धोका सर्वांत चांगल्या गटाच्या सुमारे पावणेदोन पट निघाला. सिगारेट कधीच न ओढलेल्यांतही हा संबंध टिकून होता. सगळं खापर सिगारेटवर फोडून मोकळं होता येत नाही, हे तिथे पक्कं झालं.

मग जोडणारा धागा कोणता? मला सर्वांत पटणारा एक धागा इलॅस्टिनचा आहे. वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंतींत आणि महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) मधल्या थरात हे प्रथिन भरपूर असतं. ताणलं की पुन्हा मूळ जागी यायचं, हा गुण त्याच्यामुळे येतो. श्वास सोडताना फुप्फुसं आपोआप आक्रसतात ती यामुळे, आणि हृदयाचा प्रत्येक ठोका महाधमनी झेलते तीही यामुळेच. इलॅस्टिन बहुतांशी गर्भात आणि बालपणात तयार होतं. पुढे शरीर ते फारसं नव्याने बनवत नाही. त्या वयात जेवढं बनलं तेवढंच आयुष्यभर पुरवायचं असतं. त्यामुळे ते कमी बनलं किंवा धुरामुळे लवकर झिजलं, तर दोन्ही ठिकाणी फटका बसू शकतो.

एका जनुकाच्या बिघाडाने होणारे दुर्मीळ आजार याची साक्ष देतात. मार्फान सिंड्रोममध्ये फायब्रिलिन या आधार देणाऱ्या प्रथिनाचं जनुक बिघडतं. त्यात महाधमनी फुगते आणि फुप्फुसातून अचानक हवा गळून ते कोलमडण्याचा धोकाही असतो. विल्यम्स सिंड्रोममध्ये इलॅस्टिनचं जनुक असलेला गुणसूत्र ७ चा तुकडाच गळालेला असतो आणि महाधमनी हृदयाच्या झडपेच्या वर अरुंद होते. १९६३ मध्ये स्वीडनमधल्या लॉरेल आणि एरिक्सन यांनी अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता ओळखली. इलॅस्टिन तोडणाऱ्या एन्झाइमला आवर घालणारं प्रथिनच या माणसांत कमी असतं आणि ऐन तारुण्यात वायुकोश फाटू लागतात. हे आजार तुम्हाला आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण सर्वसाधारण सीओपीडीच्या रुग्णांतही, सीटीवर वायुकोशांचा नाश जितका जास्त तितक्या धमन्या ताठर, असं आढळलं आहे.

इथे एक फरक करायला हवा, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होईल. धमनी ताठर होणं आणि धमनीत प्लाक साचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताठरपणा मुख्यतः मधल्या थरात येतो आणि तो नाडीच्या लहरीच्या वेगावरून मोजतात. मानेपासून जांघेपर्यंत हा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर गेला तर तो जास्त धरला जातो. प्लाक आतल्या थरात साचतो आणि त्याचं मुख्य इंधन एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल आहे. इलॅस्टिनची कथा ताठरपणाची आहे. तुम्हाला सापडला आहे तो प्लाक. वय आणि रक्तदाब वाढत जातात तसे दोन्ही एकत्र दिसू लागतात, पण त्यांचे उपचार एक नाहीत.

आता 'रक्तातूनच आलं का' हा प्रश्न. याचा छडा लावायला जुळ्यांचे अभ्यास करतात आणि त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास पूर्ण सारखी असतात. वेगळ्या बीजांच्या जुळ्यांत माणसामाणसात बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी जुळतात. दोन्ही प्रकारची जुळी वाढतात मात्र एकाच घरात. मग एका भावंडाची फुप्फुसं आणि दुसऱ्या भावंडाच्या धमन्या यांचा मेळ घालून पाहतात. एकाच्या एफईव्ही१ वरून दुसऱ्याच्या धमनीचा अंदाज एकसारख्या जुळ्यांत जास्त चांगला लागला, तर दुवा जनुकांचा. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत सारखाच लागला, तर घराचा, म्हणजे धूर, आर्थिक स्थिती, बालपणीची आजारपणं यांचा. आणि अंदाज लागलाच नाही, फक्त ज्याची फुप्फुसं त्याच्याच धमन्यांशी मेळ बसला, तर त्या व्यक्तीच्या स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टींचा.

यातून एक गोष्ट निघते जी रुग्णांनाच नव्हे, कधीकधी डॉक्टरांनाही उलटी वाटते. एफईव्ही१ मधल्या फरकांपैकी निम्म्याच्या आसपास वाटा जनुकांचा असतो असे अंदाज आहेत. नाडीच्या लहरीच्या वेगात तो साधारण ४० टक्के. म्हणून दोघांमधला संबंधही जनुकीयच असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं ठरत नाही. फुप्फुसं ठरवणारी जनुकं एक आणि धमन्या ठरवणारी जनुकं दुसरीच, असंही असू शकतं. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट मग धूर, वजन किंवा रक्तदाब असेल. मुळात वय, उंची, धूम्रपान आणि रक्तदाब हिशोबात घेतले की फुप्फुसं आणि धमन्यांचा ताठरपणा यांचा थेट संबंध बऱ्यापैकी क्षीण होतो. इतक्या क्षीण संबंधातला जनुकांचा वाटा कितीही मोठा निघाला, तरी तुमच्या घराचं भवितव्य त्यावर ठरत नाही.

शिवाय जनुक आणि परिसर यांच्यातली भिंत वाटते तितकी भक्कम नाही. गुणसूत्र १५ वर निकोटिन पकडणाऱ्या ग्राहींची जनुकं आहेत. २००८ मध्ये लक्षात आलं की त्यांचा एक विशिष्ट प्रकार असलेली माणसं सिगारेट ओढत असतील तर दिवसाला जास्त ओढतात, आणि त्यांच्यात फुप्फुसांचा कर्करोग व पायांच्या धमन्यांचा आजार जास्त दिसतो. कागदावर हा जनुकीय दुवा आहे. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग सिगारेटच्या वाटेने जातो. जो ओढतच नाही त्याला या जनुकाची भीती फार कमी. तुमच्या वडिलांच्या बाबतीत अशा वारशाचा काही भाग असेलही, पण तुम्ही सिगारेटला हात न लावून ती वाट बंद केली आहे. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, खरोखर तसं आहे.

उंचीचं उदाहरण याच्या उलट आहे. फुप्फुसांचं आकारमान उंचीनुसार बदलतं. २०१५ मधल्या एका मोठ्या जनुकीय विश्लेषणात असं दिसलं की जनुकांमुळे उंची सुमारे ६.५ सेंटिमीटरने कमी असेल तर हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा धोका सुमारे १३.५ टक्क्यांनी वाढतो. इथे सामायिक जनुकं खरोखर आहेत, पण ती शरीराच्या वाढीची जनुकं आहेत. आज फुप्फुसांच्या क्षमतेशी निगडित हजाराहून अधिक जनुकीय खुणा माहीत आहेत. प्रत्येकीचा परिणाम अगदी बारीक. त्यामुळे 'फुप्फुसं आणि धमन्या बिघडवणारं जनुक' नावाची एक वस्तू शोधून सापडणार नाही.

तुमच्या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते आठव्या महिन्यातला जन्म, कमी वजन आणि धुराचं घर. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाळांची वजनं वह्यांत नोंदलेली होती. डेव्हिड बार्कर आणि सहकाऱ्यांनी त्या वह्या काढून, ती बाळं मोठी झाल्यावर त्यांचं काय झालं ते पाहिलं. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की पहिल्या वाढदिवसाला वजन कमी असलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते. १९९१ मध्ये त्याच जिल्ह्याच्या नोंदींवरून दाखवलं की कमी जन्मवजन आणि तान्हेपणीचा छातीचा संसर्ग यांचा प्रौढपणीच्या कमी एफईव्ही१ शी संबंध आहे. त्याच वह्यांतून फुप्फुसांचीही गोष्ट निघाली आणि हृदयाचीही. पुढे २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली: सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांची फुप्फुसं वेगाने झिजली नव्हती, ती तारुण्यातच अपेक्षेपेक्षा कमी वाढलेली होती. म्हणून कोणी मला "तुमची फुप्फुसं खराब झाली का?" असं विचारलं की मी आधी विचारतो, ती कधी पूर्ण वाढली होती का? तुमची बहुधा थोडी कमी वाढली असावीत. तसं असेल तर हा आकडा आज घसरतोय असं नाही. तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीही अपेक्षेपेक्षा कमीच असणार. जुना एखादा रिपोर्ट सापडला तर जरूर पाहा.

दाह, म्हणजे शरीरभर पसरलेली सूज, हा तिसरा धागा. धूर आणि हवेतले अतिसूक्ष्म पीएम २.५ कण फुप्फुसांत दाह निर्माण करतात, त्याचे संदेश रक्तात उतरतात, सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन वाढतं, धमन्यांचं अस्तर चिडतं. हे खरं आहे. पण यावरून 'एका ठिकाणचा दाह शमवला की दुसरं आपोआप सुधारेल' हा निष्कर्ष तपासला गेला तेव्हा टिकला नाही. २०१४ मध्ये सीओपीडीच्या रुग्णांना सिम्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन गटातलं औषध) देऊन पाहिलं, आजाराचे झटके कमी झाले नाहीत. २०१९ मध्ये मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके संथ करणारं बीटा ब्लॉकर गटातलं औषध) देऊन पाहिलं, तेव्हाही झटके कमी झाले नाहीत, उलट गंभीर झटके वाढले. दोन्ही अभ्यासांत अशी माणसं घेतली होती ज्यांना हृदयासाठी ती औषधं लागत नव्हती. यातून मी माझ्या कामासाठी घेतलेला धडा साधा आहे: स्टॅटिन द्यायचं ते धमन्यांसाठी, इन्हेलर द्यायचा तो श्वासनलिकांसाठी. आणि हृदयासाठी खरी गरज असेल तर सीओपीडी आहे म्हणून हृदयाला निवडून लागू पडणारा बीटा ब्लॉकर अडवून धरायचा नाही. तुमच्या वडिलांच्या औषधांत तो असेल तर घाबरून बंद करू नका.

यातून प्राणायामाचं उत्तरही मिळतं. संथ श्वसनाने मन शांत होतं, रक्तदाब थोडा उतरू शकतो, म्हणून जरूर करा. पण त्याने वाढ झालेल्या वयात फुप्फुसांचं आकारमान वाढत नाही आणि प्लाक विरघळत नाही. दम थोडा वाढेल असं चालणं, पोहणं किंवा सायकल यांचा धमन्यांना जास्त फायदा होतो. पोटावर वजन असेल तर ते उतरल्यावर एफव्हीसी खरोखर वाढलेली मी अनेकांत पाहिली आहे, आणि रक्तातली साखर व रक्तदाब त्याच वाटेने सुधारतात. हा एक उपाय मात्र दोन्हीकडे लागू पडतो.

तुमच्या जागी कोणी माझ्यासमोर असतं तर मी स्पायरोमेट्री औषध देऊन पुन्हा केली असती, फुप्फुसांची एकूण क्षमता आणि वायू रक्तात उतरण्याची क्षमता मोजली असती, छातीचा एक्स-रे पाहिला असता. त्याच वेळी, पुढच्या भेटीवर न ढकलता, दोन्ही हातांचा रक्तदाब, एलडीएल, एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) आणि आयुष्यात एकदा करायची लिपोप्रोटीन(ए), म्हणजे वारशाने ठरणाऱ्या कोलेस्टेरॉलवाहक कणाची तपासणी सांगितली असती. कॅरोटिडच्या अस्तराची जाडी वारंवार मोजत बसू नका. अमेरिकी हृदयसंघटनांच्या २०१३ च्या मार्गदर्शनातही रोजच्या धोक्याच्या हिशोबासाठी ती सुचवलेली नाही. प्लाक मात्र वेगळी बाब आहे. वय ४६, प्लाक, आणि वडिलांना ५५ च्या आत अटॅक, हे तिन्ही एकत्र आल्यावर माझा कल कोलेस्टेरॉलच्या औषधाकडे आहे. अंतिम निर्णय रक्ताचे आकडे आणि तुमचे बाकीचे आजार पाहून तुमचे फिजिशियन घेतील, पण हा विषय तुम्ही स्वतः काढा.

फ्लूची लस दरवर्षी घ्या, वडिलांनाही द्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, फ्लू झाल्याचं तपासणीत निश्चित झाल्यानंतरच्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहा पट होतं. फुप्फुसांतला संसर्ग धमन्यांवर किती लवकर उलटतो ते यात दिसतं. सीओपीडीच्या झटक्यानंतरचे दिवसही असेच नाजूक असतात, म्हणून वडिलांचा दम वाढला आणि छातीत जडपणा असेल तर 'नेहमीचाच दमा' म्हणून घरी थांबू नका, ईसीजी लगेच काढा.

राहिली मुलगी. तिची सरसकट जनुकीय तपासणी मी सांगणार नाही; हजार बारीक खुणांची बेरीज करून तिच्यासाठी आज वेगळं करण्यासारखं काही हाती लागणार नाही. दोन नेमक्या गोष्टी मात्र करण्यासारख्या आहेत. पहिली, तुमच्या वडिलांची अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या. आनुवंशिक शंका असते तेव्हा आधी आजारी माणूस तपासायचा असतो. त्यांची पातळी व्यवस्थित असेल तर त्या आजारापुरती तुमची आणि मुलीची काळजी बहुतेक मिटते. दुसरी, तुमचं स्वतःचं एलडीएल १९० च्या वर आलं तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार मनात धरून मुलीचंही कोलेस्टेरॉल तपासा, कारण त्यावर लहान वयापासून उपचार आहेत. बाकी तिची फुप्फुसं विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढणार आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांचा १० ते १८ या वयात मागोवा घेतला तेव्हा खराब हवेच्या वस्त्यांत फुप्फुसांची वाढ कमी भरली, आणि पुढे हवा सुधारल्यावर नंतरच्या मुलांत ती सुधारलेली दिसली. घरात धूर नको, वडील अजून ओढत असतील तर त्यांच्यासाठी आणि तिच्यासाठीही नको.

तुमच्या प्रश्नात उंची, वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलचे आकडे नाहीत. शक्य असेल तर ते आणि स्पायरोमेट्रीचा आलेख, नाव झाकून, मला पाठवा; फुंक पूर्ण सहा सेकंदांची होती का, हे मला आधी पाहायचं आहे.